पडदा घ्यावा, पण पारखून



भात झोडून झाले, वालाला शेंगा धरल्या, की पेण-रोह्याकडे पोपटीचे दिवस येतात. अशा संध्याकाळी खळ्यात प्रोजेक्टर लावून घरच्या लग्नाची फिल्म किंवा क्रिकेटचा सामना पाहण्याची हौस आता खेड्यातही दिसते. हौसेला मोल नसले तरी पडद्याला असते. म्हणून चार गोष्टी सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीला रोहे तालुक्यातल्या एका गावी मी भातपिकावरची फिल्म दाखवली होती. चकचकीत पडदा मोठ्या कौतुकाने नेला होता. मधोमध बसलेल्या पुरुषमंडळींना चित्र लख्ख दिसले. बायका नेहमीप्रमाणे अगदी कडेला बसल्या होत्या. शेवटी एक आजी म्हणाल्या, "साहेब, आम्हाला नुसता आवाज ऐकू आला." लावणी करणाऱ्या त्याच, आणि फिल्म न दिसलेल्याही त्याच! मी खजील झालो.

दोष पडद्याच्या निवडीचा होता. चकाकणारा पडदा प्रकाश समोरच्या बाजूला जास्त परतवतो. चकाकी नसलेला पांढरा, म्हणजे मॅट पडदा, तो सगळीकडे सारखा पसरवतो. दुकानदार ज्याला 'गेन' म्हणतो, तो १ च्या आसपास असलेला पडदा मागा. घरातले सगळे, कडेला बसणारेही, सारखेच पाहतील.

आता माप. हल्लीचे चित्र १६ रुंद, ९ उंच अशा प्रमाणात असते. १०० इंची पडदा म्हणजे कर्ण १०० इंच; त्याची रुंदी सुमारे सव्वासात फूट आणि उंची चार फूट. उगाच मोठा पडदा घेऊ नका. रुंदी व उंची दुप्पट केली, तर तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो. एका गुंठ्याचे शेणखत चार गुंठ्यांवर टाकण्यासारखेच ते! आधी प्रोजेक्टर ठरवा, जागा मोजा, मग पडदा घ्या.

पैसे वाचवायचे असतील तर गुळगुळीत गिलाव्याच्या भिंतीला पांढरा मॅट रंग द्या. ऑइलपेंट नको, तो चकाकतो. कापड लावायचे तर जाड, बिनशिवणीचे घ्या. मागे काळे कापड लावा, म्हणजे प्रकाश आरपार जाणार नाही. चारी बाजूंनी ताणून बांधा. सुरकुती पडली की चेहरे वाकडे दिसतात.

आपल्याकडचा पावसाळा विसरू नका. ओलसर पडदा गुंडाळून ठेवला की बुरशीचे डाग पडतात आणि ते सहसा जात नाहीत. पूर्ण वाळवून, घडी न घालता दांडीवर गुंडाळा आणि कोरड्या जागी ठेवा.

दादासाहेब फाळके यांनी १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ फिल्मवर टिपली होती. तेव्हा तुमच्या पडद्यावरही कधी एखादी शेतीची फिल्म लावा. आणि लावाल तेव्हा घरातल्या लक्ष्मीला मधोमध बसवा.