घराची खिडकी बदलताना

खिडकी म्हणजे घराचे नाक. नाक चोंदले तर माणूस गुदमरतो. घराचेही तसेच आहे.

सावेडी हे पूर्वी नगर शहराबाहेरचे गाव. आता ते शहरात मिसळले आहे. नगर म्हणजे अहमदनगर. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. या बाजूच्या जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती जाड आणि खिडक्या लहान. ऊन आत येऊ नये, चोर आत येऊ नये, म्हणून वाडवडिलांनी त्या लहान ठेवल्या. घर गार राही, पण चुलीचा धूर आत कोंडे. बायका-पोरांचे डोळे चुरचुरत. छातीत धूर जाई.

धुरासारखाच दुसरा शत्रू क्षयरोग. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. बंद खोलीत रोगी खोकला, की ते हवेत तरंगत राहतात. वारा खेळता असला, की ते विरळ होतात. रोग्याला औषध हवेच. पण घरातल्या बाकीच्या माणसांना मोकळ्या हवेचा आधार मोठा आहे.

म्हणून मोडकी खिडकी बदलताना काचेची चकाकी बघू नये. हवा किती येईल, ते आधी बघावे.

बदलायलाच हवी का?

आधी चौकट तपासू. चाकूचे टोक लाकडात टोचून बघावे. टोक सहज आत शिरले, तर लाकूड कुजले आहे किंवा वाळवीने खाल्ले आहे. ते बदलावे. पण चौकट जुन्या सागवानाची आणि टणक असेल, तर ती काढू नये. नुसती झडपे आणि बिजागऱ्या नव्या कराव्यात. पैसे वाचतील.

भिंत कोणत्या दिशेची?

पश्चिमेच्या भिंतीवर दुपारनंतर ऊन तापते. पण पावसाळ्यात वाराही बहुतेक पश्चिमेकडूनच येतो. म्हणून ही खिडकी बुजवू नये, तिला सावली द्यावी. संध्याकाळचे ऊन तिरपे येते. ते छज्जाने अडत नाही. बाहेरून लाकडी झडप, तट्ट्या किंवा वेलाचा मांडव करावा. आतला पडदा पुरत नाही. ऊन काचेतून आत आले, की त्याची उष्णता घरातच राहते.

दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात उबदार ऊन येते. उन्हाळ्यात दुपारी सूर्य डोक्यावर असतो. तेव्हा छज्जा पुरतो.

हवेला येण्याची वाट हवी, तशी जाण्याचीही हवी. समोरासमोर दोन खिडक्या असल्या, की वारा आरपार जातो. गरम हवा आणि धूर वर चढतात. म्हणून स्वयंपाकघरात छताजवळ झरोका हवाच.

ही युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. नगरची फराहबाग पाहा. निजामशाहीतली ही इमारत १५८३ साली पुरी झाली. ती तळ्याच्या मधोमध बांधली होती. छत उंच आणि कमानी मोठ्या. पाण्यावरून आलेला वारा आत खेळे. आपल्या दारी तळे नाही, पण वाऱ्याला वाट देणे आपल्या हाती आहे.

हिशेब करू

आपल्या देशात घरबांधणीचे नियम सांगणारी राष्ट्रीय इमारत संहिता आहे. कोरड्या, उष्ण मुलखात जमिनीच्या दहाव्या हिश्शाइतकी उघडी जागा असावी, असे ती सांगते. यात दार धरायचे नाही.

खोली १० फूट लांब आणि १० फूट रुंद आहे. जमीन झाली १०० चौरस फूट. तिचा दहावा हिस्सा १० चौरस फूट.

आता ४ फूट रुंद आणि ३ फूट उंच खिडकी घेतली. ती झाली १२ चौरस फूट. झडपांची असेल तर सगळी उघडते. काम भागले. पण दोन काचांची सरकती खिडकी अर्धीच उघडते. हवेला मिळाले फक्त ६ चौरस फूट. दुकानदार १२ फुटांचे पैसे घेईल, हवा ६ फुटांचीच मिळेल! सरकती घ्यायची, तर मोठी घ्यावी किंवा दोन घ्याव्यात.

लाकूड, लोखंड की अॅल्युमिनियम?

सागवान टिकते, पण महाग पडते. हलके लाकूड पावसात फुगते. लोखंड मजबूत, पण गंजते. त्याला वेळच्या वेळी रंग द्यावा लागतो. अॅल्युमिनियमला गंज नाही, वाळवी नाही, पण उन्हात ते तापते. भाव विचारताना गज, डासांची जाळी, कडी आणि बसवणूक असा सगळा मिळून विचारावा. तो कागदावर लिहून घ्यावा. आता आपल्याला वाचता येते. कागद वाचूनच पैसे द्यावेत.

माप वर, मध्ये आणि खाली, असे तीन ठिकाणी घ्यावे. जुनी भिंत सरळ नसते. सर्वांत लहान माप धरावे. खिडकीखालच्या फरशीला बाहेरच्या बाजूने उतार द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी आत मुरत नाही. चोरासाठी गज हवेतच. पण एका खिडकीचे गज आतून उघडता येतील असे करावेत. आग लागली तर सुटायला ती वाट होते.

आणि खिडकी बसली, की ती रोज उघडावी. बंद खिडकी आणि भिंत यांत फरक तो काय?