वाय-फाय रुसलंय? आधी वायर लावून बघा!

मंगळवार, रात्रीचे साडेआठ. लॅपटॉपवर माझा इंटरव्ह्यू चालू होता. एरवी मी इंटरव्ह्यू घेते, त्या दिवशी देत होते. प्रश्न सहा महिन्यांच्या कामाचा होता. समोरच्या मॅडमनी विचारलं, "तुमची अपेक्षा किती?" मी आकडा सांगितला आणि... स्क्रीनवर त्यांचा चेहरा जागच्या जागी थिजला. परत कनेक्ट होईपर्यंत चार मिनिटं गेली. "उद्या बोलू," एवढंच म्हणून त्यांनी आवरतं घेतलं.

माझा सगळा राग निघाला तो नेटवाल्या मुलावर. महिन्यातली तिसरी कम्प्लेंट! तो बिचारा सकाळी आला, मोबाइलवर स्पीड दाखवला आणि म्हणाला, "ताई, लाइन ओके आहे." मी त्याला चार शब्द सुनावले. मग तो जाता जाता म्हणाला, "एकदा वायर लावून बघा ना."

म्हणजे काय? तर तुमच्या नेटचे दोन तुकडे असतात. एक, बाहेरून राउटरपर्यंत येणारी लाइन. दुसरा, राउटरपासून लॅपटॉपपर्यंतचा हवेतला प्रवास. नेट नेमकं कुठे अडकतंय ते कळल्याशिवाय भांडण्यात अर्थ नाही. एक लॅन केबल घ्या, लॅपटॉप थेट राउटरला जोडा, त्याचं वाय-फाय बंद करा आणि नेट ज्या वेळी हमखास दगा देतं, त्याच वेळी अर्धा तास व्हिडिओ कॉल करा.

वायरवरही कॉल तुटला, तर दोष बहुधा लाइनचा किंवा खुद्द राउटरचा. फायबरच्या डब्यावर लाल 'एलओएस' दिवा लागत असेल, तर सिग्नल घरापर्यंत पोचतच नाहीये. तारीख-वेळ लिहून ठेवा, दिव्याचा फोटो काढा. मग कम्प्लेंटला वजन येतं.

आणि वायरवर सगळं मस्त चाललं तर? तर गुन्हेगार घरातच आहे, बॉस!

आमच्या घरात तो किचनमध्ये सापडला. साडेआठला आई जेवण गरम करायला मायक्रोवेव्ह लावते. मायक्रोवेव्ह चालतो साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर आणि माझं वाय-फाय होतं २.४ वर, म्हणजे एकाच गल्लीत दोघांची गर्दी. त्यात राउटर टीव्हीच्या कपाटात, स्टीलच्या भांड्यांमागे. कारण काय, तर "तो डबा हॉलमध्ये बरा दिसत नाही." धातू सिग्नल अडवतो आणि स्लॅबच्या, कॉलमच्या काँक्रीटमध्ये सळयाच असतात.

मग मी काय केलं? राउटर कपाटातून काढून हॉलच्या मधोमध, उंचावर ठेवला. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर टाकला. हा बँड वेगवान आहे, मायक्रोवेव्हच्या वाटेलाही जात नाही, पण भिंती ओलांडताना लवकर दमतो. त्यामुळे दोन भिंतींपलीकडच्या बेडरूममध्ये फोन २.४ वरच ठेवला. तिथे शेजाऱ्यांच्या राउटरचीही झुंबड असते, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन १, ६ आणि ११ यांपैकी त्यातल्या त्यात रिकामा चॅनल निवडला.

एवढं करूनही एखादा कोपरा कोरडाच राहिला, तर स्वस्तातला रिपीटर घेण्याआधी विचार करा. साधा रिपीटर एकाच बँडवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे स्पीड जवळपास निम्मा होतो. त्यापेक्षा तिथपर्यंत वायर ओढून दुसरा राउटर बसवा. आणि महत्त्वाचा कॉल असेल, तर सरळ वायरच लावा. स्टाइल गेली खड्ड्यात!

नेटवाल्या मुलाला फोन करून सॉरी म्हटलं. मॅडमशीही परत बोलणं झालं. मी तोच आकडा पुन्हा सांगितला. त्या पुन्हा गप्प झाल्या. पण या वेळी मला पक्कं ठाऊक होतं, नेट चालू आहे... आकडाच अडकलाय!