महागड्या सायकलीचे पार्ट विकणाऱ्या दुकानदाराला शेवटी उरतं किती?

तालुक्याच्या गावात एसटी स्टँडच्या आसपास सायकलीचं एखादं जुनं दुकान असतंच. बाहेर हवेचा पंप, पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं, खिळ्याला लटकलेल्या ट्यूबा. गेल्या काही वर्षांत अशा बऱ्याच दुकानांत एक काचेचं कपाट आलंय. त्यात शिमानोचे डिरेलर, अकरा-बारा चकत्यांची कॅसेट, डिस्क ब्रेकचे पॅड, कार्बनचा सीटपोस्ट. एकेका खोक्यावर पाच हजार, आठ हजार, काहींवर त्याहून जास्त किंमत.

बघणाऱ्याला वाटतं, दुकानदार आता पंक्चरवाला राहिला नाही, शेठ झाला. हिशेब मांडला की उलटंच चित्र दिसतं. बऱ्याच ठिकाणी ते कपाट घमेल्याच्या जिवावर चाललंय.

ही मागणी कुठून आली, ते थोडक्यात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लष्करातले श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पूर्ण केली. त्यानंतर लांब पल्ल्याच्या सायकलिंगचं वेड शहरापुरतं राहिलं नाही. मग कोरोनात जिम बंद पडल्या आणि डॉक्टर, शिक्षक, बँकेतले साहेब, शेतकऱ्यांची पोरं, सगळे गिअरच्या सायकलीवर आले. सायकली आल्या की त्यांचे पार्ट लागणार, आणि पार्ट ठेवायचे म्हणजे दुकानदाराने आधी खिशातले पैसे घालायचे.

एका ग्रुपसेटचा हिशेब

गिअर, ब्रेक, क्रँक, चेन, कॅसेट या सगळ्याच्या एकत्र संचाला ग्रुपसेट म्हणतात. आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, प्रत्येक कंपनीचे आणि दुकानाचे वेगळे असतील.

समजा ग्रुपसेटची छापील किंमत ४२,००० रुपये. त्यात ५ टक्के जीएसटी आला, म्हणजे मालाची किंमत ४०,००० आणि कर २,०००. दुकानदाराला तो ३२,००० अधिक कर या भावात पडला. छापील किमतीला गेला तर ८,००० सुटतात. ऐकायला बरं वाटतं.

पण छापील किमतीला घेतो कोण? गिऱ्हाईक मोबाईल पुढे करतं, “बघा, ऑनलाइन ३७,८०० ला आहे.” फक्त दहा टक्के सूट. दुकानदार मान डोलावतो. करासह ३७,८०० म्हणजे मालाचे ३६,०००. खरेदी ३२,००० ची. नफा ८,००० वरून थेट ४,००० वर आला. किंमत दहा टक्क्यांनी उतरली आणि नफा निम्मा झाला. सूट मागताना हे आपल्या लक्षात येत नाही, कारण आपण किंमत बघतो आणि दुकानदार किंमत-खरेदीतला फरक बघतो.

पुढे चला. गिऱ्हाइकाने क्रेडिट कार्ड दिलं. मशीनवाल्याचं कमिशन १.८ टक्के धरलं तर ६८० रुपये गेले. पार्सलचं भाडं ३००. आणि हा माल काही आल्याआल्या विकला जात नाही. तालुक्याच्या ठिकाणी असा ग्रुपसेट सहा महिने कपाटात बसणं अगदी साधी गोष्ट. ३२,००० रुपये सहा महिने अडकले, वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर १,९२० रुपये झाले. चार हजारांतून हे सगळं वजा केलं की हातात राहतात १,१००. दुकानभाडं, लाईटबिल, पोऱ्याचा पगार अजून यातून जायचाच आहे.

आणि तो ग्रुपसेट बसवायला कारागिराचा अर्धा दिवस मोडतो. केबल ओढा, ब्रेकमधली हवा काढा, गिअर जुळवा. गिऱ्हाईक म्हणतं, “एवढ्याचं घेतलंय, फिटिंगचे काय घेता!”

आता घमेल्याकडे वळू. पंक्चरला ५० रुपये धरले तर बावीस पंक्चरचे झाले १,१००. त्याला लागलं काय? सोल्युशनची ट्यूब, ठिगळं, घासकागद. बत्तीस हजार अडकवावे लागले नाहीत, आणि पैसे रोखीत, त्याच दिवशी.

ऑनलाइनवाल्याला मग परवडतं कसं?

दुकानदाराला जो भाव डिस्ट्रिब्युटर देतो, कधीकधी त्याहून कमी भावाला तोच पार्ट मोबाईलवर दिसतो. लोकांना वाटतं दुकानदार खोटं बोलतोय. तसं नसतं. एकाच पार्टला बाजारात यायला दोन वाटा आहेत.

एक वाट सरळ. जपानची शिमानो, अमेरिकेची स्रॅम, इटलीची कॅम्पॅग्नोलो यांचा माल देशातल्या आयातदाराकडे येतो, तिथून डीलरकडे, तिथून तुमच्याकडे. प्रत्येक टप्प्यावर खर्च आणि नफा चढतो. आयातीचा माल, त्यामुळे रुपया घसरला की भाव वर. रंगीत खोकं, वॉरंटी, माहितीचा कागद या वाटेने येतात.

दुसरी वाट सायकल कारखान्याची. कारखाना एकाच वेळी हजारोंनी डिरेलर घेतो, खोक्याशिवाय, ठोक पिशवीत. त्याला भाव फार खाली मिळतो. म्हणूनच तयार सायकल जेवढ्याला मिळते, तेवढ्यात तिचे सुटे पार्ट गोळा करून सायकल उभी करता येत नाही. हिशेब करून बघा, कुठल्याच सायकलीचा जुळणार नाही. कारखान्यात जास्तीचा उरलेला माल मग फिरतफिरत सुट्या बाजारात येतो आणि खोक्याशिवाय स्वस्तात विकला जातो. माल खरा असू शकतो, पण इथल्या वॉरंटीचं काय ते विचारून घ्यावं लागतं. याच गर्दीत नकली चेन आणि नकली पॅडही घुसतात, ते वेगळंच.

तिसरा खेळाडू डेकॅथलॉनसारखा. स्वतःच्या ब्रँडची सायकल, स्वतःचंच दुकान. मधला डीलरच नाही, त्यामुळे त्याचा नफा वाटून द्यायचा प्रश्न येत नाही. पुणे-नाशिकला जाऊन लोक सायकल तिथून आणतात आणि चेन तुटली की तालुक्याच्या दुकानात येतात.

स्वस्त विकणाराही सुखात असतो असं समजू नका. इंग्लंडचं ‘विगल’ आणि उत्तर आयर्लंडचं ‘चेन रिअॅक्शन सायकल्स’ ही जगातली मोठी ऑनलाइन सायकल दुकानं. दोन्हींची सुरुवात गावातल्या साध्या सायकल दुकानातून झाली होती. त्यांचे भाव इतके खाली असत की ब्रिटनमधल्या छोट्या दुकानदारांना घाऊक भावातही तो माल मिळत नसे. भारतातले हौशी सायकलवालेही तिथून पार्सल मागवत. २०१६ मध्ये दोन्ही एक झाले. कोरोनात मागणी भडकली, सगळ्यांनी गोदामं भरली. मग मागणी बसली, माल तसाच राहिला, जो तो सूट देऊन काढायला लागला. ऑक्टोबर २०२३ मध्ये विगल-चेन रिअॅक्शनचं दिवाळं निघालं आणि २०२४ मध्ये नाव दुसऱ्या कंपनीने विकत घेतलं. लहान दुकानांना ज्या भावाने घायकुतीला आणलं, त्या भावात मोठ्यालाही तग धरता आला नाही.

कपाटात म्हातारा होणारा माल

किराणावाल्याच्या साखरेचं मॉडेल बदलत नाही. इथे बदलतं, आणि खरा मार तिथेच बसतो.

साध्या काळ्या सायकलीचा छर्रा, चेन, पेडल वर्षानुवर्षं तेच. गिअरच्या सायकलीत मागे ८ चकत्या होत्या, मग ९, १०, ११, आता १२. अकराची चेन आठला नीट चालत नाही, दहाचा शिफ्टर बाराच्या डिरेलरला जुळत नाही. शिमानोची ‘१०५’ ही रस्त्यावरच्या सायकलींमधली लोकप्रिय मालिका २०१८ मध्ये अकरा स्पीडची नवी आली, २०२२ मध्ये बारा स्पीडची इलेक्ट्रॉनिक आली आणि २०२३ मध्ये बारा स्पीडची केबलवाली. दुकानात अकराचा माल शिल्लक असला तर गिऱ्हाईक लगेच “जुना आहे ना, मग कमी करा” म्हणतं. त्याच २०२३ साली शिमानोने अल्टस, असेरा, अॅलिव्हिओ अशा खालच्या-मधल्या मालिका ‘क्युज’ या एकाच नावाखाली आणायला घेतल्या. पुढे ठेवायला हे सोपं होईल, पण ज्याच्या कपाटात जुन्या नावांचा माल आहे त्याचं काय?

चाकाच्या ज्या भागावर कॅसेट बसते, त्याचेही तीन-चार प्रकार. क्रँकच्या बेअरिंगचे तर विचारू नका. डिस्क ब्रेकच्या पॅडचा आकार मॉडेलगणिक वेगळा. ब्रेकचं तेलही एक नाही. शिमानोला मिनरल ऑइल लागतं, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट. चुकून एकाचं दुसऱ्यात गेलं की आतली सीलं फुगून ब्रेक बाद होतो, आणि भरपाई कारागिराच्या डोक्यावर. सगळ्या प्रकारांचं एकेक जरी ठेवायचं म्हटलं तरी लाखाचा माल लागतो, आणि तरीही दारात येणाऱ्याला हवा असतो नेमका नसलेला पार्ट.

कर कमी झाला तेव्हा

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या पार्टवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. गिऱ्हाइकाला फायदा झाला, हे खरं. वरच्या उदाहरणातला ग्रुपसेट आधी ४४,८०० ला पडला असता, तो ४२,००० वर आला.

नेहमीच्या जीएसटीत असलेल्या दुकानदाराला आधी भरलेला जास्तीचा कर पुढच्या विक्रीत हळूहळू वळता करून घेता येतो. पण लहान दुकानदार पुष्कळदा कंपोझिशन योजनेत असतात. उलाढालीवर एक टक्का भरायचा, कागदपत्रं कमी. त्यांना खरेदीवरचा कर वळता करता येत नाही. त्यांनी जुन्या दराने घेतलेला ३२,००० चा माल ३५,८४० ला पडलेला. नव्या दराने आज घेणाऱ्याला तोच ३३,६०० ला. दिवस बदलला आणि एका खोक्यामागे २,२४० रुपयांचा खड्डा पडला. महाग माल साठवणाऱ्याला खड्डा मोठा, पंक्चर आणि छर्ऱ्यावर जगणाऱ्याला जाणवलाही नसेल.

मग टिकतात ते काय करतात?

माझ्या मते जे दुकानदार भावात ऑनलाइनशी कुस्ती खेळतात ते हरतात. टिकतात ते मजुरी मागायला लाजत नाहीत. मालाचे वेगळे आणि हाताचे वेगळे, असा फळा लावतात. ऑनलाइन आणलेला पार्टही हसत बसवून देतात, फक्त फिटिंगचे पूर्ण पैसे घेतात. यात गिऱ्हाइकाने रागवण्यासारखं काही नाही. ट्रॅक्टरचा पार्ट तुम्ही आणला म्हणून मेकॅनिक फुकट बसवतो का?

महाग वस्तू ते आगाऊ पैसे घेऊनच मागवतात. कपाटात ठेवतात ते रोज झिजणारं: चेन, ब्रेक पॅड, केबल, ट्यूब, टायर. आणि डिरेलर हँगर. सायकल उजव्या अंगावर पडली की फ्रेम वाचावी म्हणून हा अॅल्युमिनियमचा छोटा तुकडा आधी वाकतो. किंमत काही शे रुपये, पण प्रत्येक सायकलीचा वेगळा, आणि तो मिळेपर्यंत पन्नास हजारांची सायकल भिंतीला टेकून. ज्याच्याकडे डबाभर हँगर आहेत, त्याच्याकडे गिऱ्हाईक भाव करत नाही.

काहींनी तर ते कपाटच काढून टाकलंय. शाळेतल्या पोरींच्या सायकली, मानव विकास कार्यक्रमाच्या अनुदानातून येणारी खरेदी, दिवाळीला लहान मुलांच्या सायकली, एवढ्यावर दुकान चालतं आणि झोप लागते. त्यांना कोण नावं ठेवणार? मात्र अशी दुकानं वाढली तर गिअरवाल्याला ब्रेकच्या तेलासाठी जिल्ह्याला, नाहीतर पुण्याला जावं लागेल.

तुमच्याकडे अशी सायकल असेल तर तुमच्या हातातही थोडं आहे. पैसे यूपीआयने द्या. बँक खात्यातून थेट गेलेल्या रकमेवर दुकानदाराला कमिशन पडत नाही, वरच्या हिशेबातले ६८० तिथेच वाचतात. महाग पार्टचं पक्कं बिल घ्या, वॉरंटीला तेच लागतं. सूट मागायचीच तर मालावर मागा, मजुरीवर नको.

आणि चेन वेळेवर बदला, यात दोघांचाही फायदा. घरातली फूटपट्टी घ्या. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. नवी चेन असेल तर चोवीस पिना पुढची पिन बरोबर १२ इंचावर येते. ती अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, पुढे सरकली असेल तर चेन बदला. पूर्ण एक सूत सरकली असेल तर बहुतेक कॅसेटही खाल्ली गेलेली असते, आणि मग खर्च चेनच्या कितीतरी पट.