दरीतली गोल वाट आणि भिलाईचा सूर्यास्त

भिलाईतल्या मराठी घरांत ट्रेकचे बेत ठरतात ते पुण्या-मुंबईच्या भावंडांचे किस्से ऐकून. राजगड, भीमाशंकर, अंधारबन. मग थंडीत कुणीतरी भोरमदेवच्या मैकल डोंगररांगांचं किंवा बस्तरच्या कांगेर खोऱ्याचं नाव काढतं आणि सह्याद्रीतले आडाखे जसेच्या तसे इकडे लावले जातात. नदीकाठची वाट आहे, फिरून पुन्हा गाडीपाशीच यायचं आहे, मग त्यात अवघड ते काय, असं सगळ्यांनाच वाटतं.

पहिली गफलत उजेडाची. "सहापर्यंत दिसतं" हे डिसेंबरातल्या पुण्यासाठी खरं आहे. पण पुणे 74 अंश रेखांशाच्या जरा अलीकडे आहे आणि भिलाई 81 अंशांच्या पुढे. एका अंशामागे चार मिनिटं धरली, तर इथला सूर्यास्त साधारण अर्धा तास आधी होतो. डिसेंबरच्या सुरुवातीला इथे साडेपाचच्या आतच सूर्य मावळलेला असतो, कांगेरजवळच्या जगदलपुरातही तसंच. शिवाय दरीत तो क्षितिजाला टेकायची वाट पाहत नाही, कड्याआड आधीच जातो. घड्याळ मात्र सगळीकडे एकच, त्यामुळे हा फरक लक्षातच येत नाही.

वेळेचा हिशेब 1892 साली स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी घालून दिला, तो आजही वापरतात. पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. बारा किलोमीटरची फेरी आणि तीनशे मीटर चढ म्हणजे जेमतेम तीन तास. पण हा हिशेब धडधाकट माणसाचा, चांगल्या वाटेचा आणि न थांबता चालण्याचा आहे. मुलं, आजी-आजोबा, डबे, फोटो, ओढे हे सगळं धरून मी तो सरळ दुप्पट करते. सकाळी आठला निघालात तर दोनला बाहेर. भिलाईहून शंभरावर किलोमीटर गाडी हाकून अकराला चालायला लागलात, तर शेवटचा टप्पा मावळतीच्या तोंडाशी येतो. जगदलपूर तर तीनशे किलोमीटरच्या आसपास. तिथे आदल्या रात्री मुक्कामच हवा.

दुसरा गैरसमज अधिक धोक्याचा आहे: गोल वाट म्हणजे चुकायची भीती नाही. आल्या वाटेने परतताना पुढचा प्रत्येक दगड ओळखीचा असतो. गोल वाटेवर निम्म्यानंतरचं सगळंच नवं. त्यात वाट नदीच्या दोन्ही काठांनी जात असेल, तर सकाळी पाणी ओलांडलंत की गाडीपाशी यायला ते पुन्हा ओलांडावंच लागतं, आणि ते बहुधा दुपारनंतर. मान्सूनच्या आगेमागे इथे गडगडाटी पाऊस बरेचदा दुपारनंतरच येतो. तो तुमच्या डोक्यावर पडायलाच हवा असं नाही. वर डोंगरात पडला तरी खाली स्वच्छ उन्हात नाला फुगतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, म्हणून गुडघाभर ओढाही धडधाकट माणसाला आडवा करतो. पाणी गढूळ होणं, पालापाचोळा वाहत येणं, आवाज बदलणं, सकाळी हेरून ठेवलेला दगड बुडणं, यातलं एक जरी दिसलं तरी उतरू नका. लहान ओढे पाऊस थांबल्यावर काही तासांत ओसरतात, तोवर उंचावर बसा. आणि नदी ओलांडायच्या दोन उतारांपैकी कठीण कोणता हे आधी विचारून फेरीची दिशा अशी ठेवा, की तो सकाळीच पार पडेल.

"जंगलातलं वाहतं पाणी शुद्ध असतं" हेही सर्रास ऐकू येतं. नितळपणा जंतूंबद्दल काहीच सांगत नाही. कांगेरचं खोरं चुनखडीचं आहे, कुटुमसरची गुहा त्याच खडकातली. अशा खडकात पाणी भेगांतून झरझर उतरतं, मातीतून गाळलं जात नाही. उकळून घ्या, किंवा घरूनच न्या.

त्याच नितळ पाण्यावरून आणखी एक समजूत निघते, की मलेरियाचा डास गटारात वाढतो, जंगलात कसली भीती? ॲनोफिलिस फ्लुव्हिॲटिलिस हा मलेरिया पसरवणारा डास वाढतो तो संथ वाहणाऱ्या स्वच्छ झऱ्यांत, आणि बस्तर हा मलेरियाचा जुना टापू. हे डास संध्याकाळी नि रात्री चावतात. दिवसा उजेडी बाहेर पडण्याचं हे आणखी एक कारण. परतल्यावर ताप आला तर रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांना कुठे गेला होतात ते आवर्जून सांगा.

वाघाला सगळे भितात, अस्वलाचं नाव कुणी काढत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात, तेव्हा पहाटे झाडाखाली फुलं वेचणारी माणसं असतात आणि अस्वलंही. त्या दिवसांत पहाटेच्या अंधारात मोहाखालून जाऊ नये. कांगेरमधल्या भैंसादरहाच्या डोहात मगरी आहेत, तिथे पोहणं नाहीच.

राहिला परवान्याचा प्रश्न. "सरकारी जंगल, कुणीही जावं" हा समज चुकीचा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात शिरायला परवानगी लागते. कांगेर 1982 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, तर भोरमदेव अभयारण्य. कुटुमसरची गुहा पावसाळ्यात बंद असते. पायी कुठे जाता येईल हे नाक्यावर वनखात्याकडे विचारा आणि गावातला वाटाड्या सोबत घ्या. काल रात्री वर पाऊस झाला का, हे त्यालाच ठाऊक असतं.