रॉक की लोकसंगीत? रघू दीक्षित यांच्या पहिल्या अल्बमचा प्रवास

व्हाइटफील्ड (बंगळूरु) : नाशिकमध्ये जन्मलेले आणि म्हैसूरमध्ये वाढलेले गायक रघू दीक्षित यांचा त्यांच्याच नावाचा पहिला अल्बम 2008 मध्ये संगीतकार विशाल-शेखर यांच्या काउंटर कल्चर रेकॉर्ड्सने प्रकाशित केला. त्यात कन्नड, हिंदी आणि इंग्रजी गाणी एकत्र होती. व्हाइटफील्डच्या आयटी संकुलांत देशभरातून आलेल्या तरुणांना ही सरमिसळ परकी नव्हती.

अल्बमचे खरे बळ शिशुनाळ शरीफ यांच्या तत्त्वपदांत आहे. 19व्या शतकातील या मुस्लिम संतकवीचे गुरू ब्राह्मण होते. मराठी वाचकाला येथे श्रीगोंद्याचे शेख महंमद आठवावेत. छप्पर गळणाऱ्या घराचे शरीफांचे रूपक दीक्षित गिटार आणि ड्रमच्या साथीने गातात, तरी त्यातील वैराग्य उणावत नाही.

भारतात रॉक महोत्सवांत रमणारे हे संगीत ब्रिटनमध्ये मात्र ‘वर्ल्ड म्युझिक’ ठरले. 2010 मध्ये जूल्स हॉलंड यांच्या बीबीसीवरील कार्यक्रमात दीक्षित गायले आणि अल्बम आयट्यून्सच्या तेथील वर्ल्ड म्युझिक यादीत अव्वल ठरला. 2011 मध्ये ‘साँगलाइन्स’ नियतकालिकाने त्यांना सर्वोत्कृष्ट नवोदिताचा पुरस्कार दिला. ‘अंतराग्नी’ हा आपला पहिला बँड या ‘नवोदिता’ने त्यापूर्वी दशकाहून अधिक काळ आधीच उभा केला होता.