काबूलची पहिली स्वारी आणि कातरलेले कागद

इ. स. १८३९ सालीं इराण व अफगाणिस्थान या प्रकरणांचा सरकारी पत्रव्यवहार छापून लंडन येथें पार्लमेंटापुढें ठेवण्यांत आला. अशा छापील संग्रहांस त्यांच्या वेष्टणाच्या रंगावरून ‘ब्ल्यू बुक’ असें म्हणतात. काबूलचा अमीर दोस्त महंमद हा इंग्रजांचा शत्रु असून त्यास पदच्युत केल्यावांचून हिंदुस्थानची सरहद्द सुरक्षित राहणार नाहीं, असा या संग्रहावरून वाचणाराचा ग्रह होई. पुढें सुमारें वीस वर्षांनीं तींच पत्रें पुन्हां छापलीं गेलीं, तेव्हां पहिल्या छापणावळींत त्यांतील वाक्यें, परिच्छेद व कांहीं पत्रें समूळ गाळलीं होतीं, हें उघड झालें. जुन्या कागदांच्या अभ्यासकांस या प्रकरणाइतकें बोधक उदाहरण क्वचितच सांपडेल. म्हणून युद्धाच्या हकीकतीपेक्षां त्या युद्धाच्या कागदांची हकीकत आम्ही येथें विस्तारानें देत आहों.

प्रथम युद्धाचें कारण पाहूं. नोव्हेंबर १८३७ पासून इराणच्या शहानें हिरातेस वेढा घातला होता व त्याच्या पाठीशीं रशिया आहे असा इंग्रजांस संशय होता. त्याच सुमारास काबूल येथें दोस्त महंमद राज्य करीत होता. त्याचें खरें दुःख निराळेंच होतें. १८३४ सालीं शिखांनीं पेशावर घेतलें, तें त्यास परत हवें होतें. पेशावराविषयीं रणजितसिंगाकडे इंग्रजांनीं शब्द टाकावा, एवढीच त्याची मुख्य अपेक्षा होती. पण रणजितसिंग हा इंग्रजांचा जुना स्नेही. त्यास दुखविण्यास गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड हे तयार नव्हते. दोघांपैकीं एकास राखावयाचें, तर लाहोरास राखावें असा त्यांनीं निश्चय केला. या निश्चयांत वावगें कांहीं नाहीं. राज्यकर्त्यास अशी निवड करावीच लागते. वावगें झालें तें पुढें.

काबूलास इंग्रजांचा वकील म्हणून गेलेला अलेक्झांडर बर्न्स हा मुंबईच्या लष्करांतील अधिकारी. १८०५ सालीं स्कॉटलंडांत त्याचा जन्म झाला. सोळाव्या वर्षीं तो मुंबईस आला, हिंदुस्थानी व फारसी शिकला, कच्छांत नोकरी केली, आणि बुखाऱ्यापर्यंत प्रवास करून नांवारूपास आला. २० सप्टेंबर १८३७ रोजीं तो काबूलास पोंचला. दोस्त महंमदाचा त्याच्यावर लोभ होता व त्याचाही दोस्त महंमदाविषयीं चांगला ग्रह होता. डिसेंबरांत व्हिट्केविच नांवाचा रशियन अधिकारी काबूलांत आला, तेव्हां त्यास कसें वागवावें याचा सल्ला अमिरानें बर्न्सलाच विचारला. बर्न्स वारंवार लिहीत राहिला कीं, हा मनुष्य आपल्या बाजूचा आहे, त्यास कांहीं द्या. सरकारकडून उत्तर येई कीं, देण्यासारखें कांहीं नाहीं. अखेर २६ एप्रिल १८३८ रोजीं तो रिकाम्या हातीं काबूलाहून निघाला. त्यानंतर २ जून रोजीं सरकारनें मत विचारल्यावरून त्यानें पत्र लिहिलें. त्यांत शाह शुजास गादीवर बसविण्याची रीत त्यानें सांगितली खरी, परंतु त्याच पत्रांत दोस्त महंमदाशींच जमवून कां घेऊं नये याचा पुन्हां विचार व्हावा, दुसऱ्यांसाठीं जें करावें लागेल त्याच्या निम्में त्याच्यासाठीं केलें तरी तो रशिया व इराण यांस सोडील, अशा अर्थाचें मतही दिलें.

शाह शुजा हा कोण, हें मराठी वाचकांस लक्षांत ठेवण्यास सोपें जाईल. पानिपतावर मराठ्यांशीं लढलेल्या अहमदशहा अब्दालीचा हा नातू. गादी जाऊन तो लुधियाना येथें इंग्रजांचा पेन्शनर होऊन राहिला होता, आणि कोहिनूर हिरा १८१३ सालींच रणजितसिंगानें त्याजपासून काढून घेतला होता. २६ जून १८३८ रोजीं शुजा, रणजितसिंग व इंग्रज यांच्यांत त्रिपक्षी तह झाला, आणि १ ऑक्टोबर रोजीं सिमल्याहून युद्धाचा जाहीरनामा निघाला. गंमत अशी कीं, त्याच्या तीन आठवडे आधीं इराणी फौजेनें हिरातेचा वेढा उठविला होता. मुख्य कारण नाहींसें झालें, पण स्वारी थांबली नाहीं.

आतां कागदांकडे वळूं. जाहीरनाम्यांत दोस्त महंमद शत्रु ठरविला होता. म्हणून छापील पत्रांतही तो शत्रुच दिसला पाहिजे. ज्या पत्रांत बर्न्सनें त्याची बाजू मांडली, त्यांतून ती बाजू काढली गेली व त्याच्यावरील संशयाचा भाग राहूं दिला. येथें खोटें पत्र एकही बनविलेलें नाहीं, हें ध्यानांत घ्यावें. छापलेलें बहुतेक प्रत्येक वाक्य बर्न्सचेंच आहे. तरीही एकंदर अर्थ बर्न्सच्या मताच्या उलट झाला. बनावट सनद ओळखण्याच्या कसोट्या, म्हणजे शिक्का, मोर्तब, वळण, कागद व मिति, आमच्या वाचकांस पाठ आहेत. त्यांपैकीं एकही कसोटी येथें उपयोगी पडत नाहीं. ही लबाडी शोधण्यास दुसरी प्रत हातीं असावी लागते, दुसरा उपाय नाहीं.

बर्न्सनें आपल्या पत्रांच्या नकला ठेविल्या होत्या. आपण जें लिहिलें तें दोस्त महंमद गादीवर असतांना तत्परतेनें वागावें म्हणून लिहिलें, आणि तेंच शुजास बसविण्याच्या समर्थनार्थ लावण्यांत आलें, अशी तक्रार त्यानें खासगी पत्रांत केली आहे. परंतु त्यानें जाहीर निषेध केला नाहीं. तोंवर त्यास ‘सर’ हा किताब मिळाला होता व शुजाच्या दरबारींच त्याची नेमणूक झाली होती. याबद्दल त्यास सर्वस्वी दोषमुक्त करणें आम्हांस जमत नाहीं.

युद्धाची हकीकत प्रसिद्ध आहे, ती थोडक्यांत सांगतों. मुंबईची फौज सर जॉन कीन याच्या हाताखालीं सिंधच्या किनाऱ्यावर उतरली. फेब्रुवारी १८३९ त कराची, एप्रिलांत कंदाहार, २३ जुलै रोजीं गझनी, आणि ७ ऑगस्ट रोजीं काबूल इंग्रजांच्या हातीं आलें. दोन वर्षें बरीं गेलीं. २ नोव्हेंबर १८४१ रोजीं काबूलांत उठाव होऊन बर्न्स आपल्या भावासह मारला गेला. २३ डिसेंबर रोजीं वकील मॅक्नॉटन याचा वध झाला. ६ जानेवारी १८४२ रोजीं सुमारें ४,५०० सैनिक व १२,००० बाजारबुणगे बर्फांतून परत निघाले. त्यांपैकीं डॉक्टर ब्रायडन हा एकटाच गोरा १३ तारखेस जलालाबादेस पोंचला. कांहीं शिपाई मागाहून आले, ओलीस ठेवलेलीं माणसें सप्टेंबरांत सुटलीं. म्हणून ‘एकच मनुष्य वांचला’ ही प्रचलित समजूत अक्षरशः खरी नाहीं. शुजाही एप्रिलांत मारला गेला. शरद ऋतूंत इंग्रज फौजांनीं पुन्हां काबूल घेतलें, तेथील चार-छत्ता बाजार उध्वस्त केला, आणि त्या परत फिरल्या. ज्यास काढण्यासाठीं इतकें झालें तो दोस्त महंमद पुन्हां गादीवर बसला व १८६३ पर्यंत त्यानें राज्य केलें.

कागदांचा गौप्यस्फोट जॉन विल्यम के यानें केला. हा बंगाल तोफखान्यांतील माजी अधिकारी. त्याचा अफगाण युद्धाचा इतिहास १८५१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानें मूळ पत्रें मिळवून ब्ल्यू बुकाशीं ताडून पाहिलीं आणि सार्वजनिक सेवकांचीं पत्रें अशीं छाटण्याच्या पद्धतीचा कडक शब्दांत निषेध केला. मृत मनुष्यास आपला बचाव करतां येत नाहीं, हा त्याचा मुद्दा मार्मिक आहे. पुढें १८५९ सालीं पार्लमेंटाच्या हुकुमानें बर्न्सचीं पत्रें पुन्हां छापलीं. १८६१ च्या मार्चांत हीं पत्रें कोणी छाटलीं याची चौकशी व्हावी असा ठराव आला. जॉन ब्राइट यानें त्यास जोराचा पाठिंबा दिला. मुख्य प्रधान लॉर्ड पामर्स्टन हेच १८३९ सालीं परराष्ट्रमंत्री होते. बर्न्सचीं मतें सरकारनें स्वीकारलींच नव्हतीं, म्हणून तीं छापण्याची जरूर नव्हती, असा त्यांचा युक्तिवाद. ठराव फेटाळला गेला. हात कोणाचा, हें पार्लमेंटानें अखेरपर्यंत ठरविलें नाहीं.

याच युद्धानें दुसरें एक बनावट प्रकरण जन्मास घातलें, आणि त्याचा संबंध आपल्या प्रांतांशीं अधिक आहे. तें म्हणजे सोमनाथाचीं दारें. ऑकलंडमागून आलेले लॉर्ड एलेनबरो यांनीं गझनीच्या महंमदाच्या कबरीचीं दारें उखडून आणविलीं आणि १६ नोव्हेंबर १८४२ रोजीं हिंदुस्थानच्या राजेरजवाड्यांस उद्देशून जाहीरनामा काढला. आठ शतकांच्या अपमानाचा सूड उगवला, आतां माळवा, गुजरात इत्यादि प्रांतांच्या अधिपतींनीं हीं चंदनाचीं दारें सन्मानानें सोमनाथाच्या पुनःस्थापित मंदिराकडे पोंचवावीं, असा त्याचा आशय. म्हणजे शिंदे, होळकर व गायकवाड यांच्या मुलखांतून ही मिरवणूक जावयाची! परंतु जुनें मंदिर त्या वेळीं भग्नावस्थेंत होतें. पूजा चाले ती जवळच अहल्याबाई होळकरांनीं बांधलेल्या मंदिरांत. गव्हर्नर जनरलच्या कचेरींत हें कोणास ठाऊक नव्हतें असें दिसतें.

दारांचें काय? तीं चंदनाचीं नसून देवदाराचीं निघालीं. त्यांवर कूफी लिपींत सबुक्तगीनाच्या घराण्याचा लेख कोरलेला आहे. नक्षी इस्लामी पद्धतीची आहे, गुजराती शिल्पाची नाहीं. सोमनाथाच्या स्वारीनंतर लवकरच लिहिणारा अल्-बीरूनी लिंग फोडून त्याचा भाग गझनीस नेल्याचें सांगतो, पण दारें नेल्याचें सांगत नाहीं. मग ही कथा आली कोठून? १८३१ च्या सुमारास शुजाशीं बोलणीं चाललीं असतां रणजितसिंगानें हीं दारें मागितलीं होतीं व शुजानें तें नाकारलें होतें, एवढें दिसतें. तेव्हां दंतकथा त्यापूर्वीं प्रचलित होती. एलेनबरो यांनीं ती रचली नाहीं, तिच्यावर सरकारी शिक्का मात्र मारला. मार्च १८४३ त मॅकॉले यांनीं पार्लमेंटांत या जाहीरनाम्याची यथेच्छ टर उडविली. दारें आग्र्यापलीकडे गेलींच नाहींत; तीं तेथील किल्ल्यांत पडून राहिलीं. तथापि एका परकी अधिकाऱ्यानें हिंदु प्रजेच्या मनांत पूर्वीं नसलेली आठ शतकांची वेदना सरकारी भाषेंत लिहून दिली, आणि ती पुढें इतिहास म्हणून वाचली गेली. आमच्या मतें काबूलांतील पराभवाहून हा परिणाम अधिक काळ टिकला.

इतर परिणाम थोडक्यांत नमूद करतों. १८४३ सालीं सिंध खालसा झाला. तो परमुलूख राहिला नाहीं म्हणून तेथील शिपायांचा जादा भत्ता बंद झाला, आणि १८४४ सालीं बंगालच्या पलटणींत त्यावरून बंडाळी झाली. सिंधुपार गेल्यामुळें धर्म बुडाला अशी कुजबूज शिपायांत होती. सीताराम पांडे याच्या नांवावरील आत्मचरित्रांत तें दुःख आहे, परंतु त्या ग्रंथाच्या अस्सलपणाविषयीं विद्वानांत वाद आहे. मुंबईस कुलाब्याचें अफगाण चर्च हें याच मोहिमांतील मृतांचें स्मारक. १८४७ सालीं त्याचा पाया घातला व १८५८ सालीं तें वापरांत आलें. लेडी बटलर हिनें ब्रायडनचें प्रसिद्ध चित्र १८७९ त काढलें, म्हणजे दुसरें अफगाण युद्ध चालू असतां. त्याच १८३९ सालीं साताऱ्यास प्रतापसिंह महाराज पदच्युत झाले व तेथेंही पुराव्याच्या कागदांच्या खरेखोटेपणावरच सारा वाद झाला. रंगो बापूजी लंडनास त्यासाठींच झगडत होते. दोन्ही प्रकरणें एकत्र वाचण्याजोगीं आहेत.

फारसी साधनांकडे इंग्रज ग्रंथकारांचें बराच काळ दुर्लक्ष झालें. हमीद काश्मिरी याचें ‘अकबरनामा’ हें काव्य १८४४ चें, म्हणजे घटनेपासून दोनच वर्षांचें. शिकारपूरच्या मिर्झा अता महंमदाचा ‘नवाए मआरिक’ हा ग्रंथ सिंधच्या बाजूनें पाहिलेला आहे. शुजाच्या नांवाचें आत्मवृत्तही आहे. बर्न्सबरोबर असलेला मुनशी मोहनलाल याचें दोस्त महंमदाचें चरित्र इंग्रजींत १८४६ सालीं निघालें.

ज्यांच्या संग्रहीं शके १७६० ते १७६५ या सालांतील फारसी अखबार, दरबारी बातमीपत्रें किंवा मुंबईच्या पलटणींतील शिपायांचीं घरचीं पत्रें असतील, त्यांनीं तीं काबूलच्या मजकुरासाठीं एकवार चाळावीं अशी आमची विनंति आहे. नक्कल करतांना गाळलेल्या जागा, फाटलेला भाग व न लागलेलीं अक्षरें टिंबांनीं दाखवावीं, आणि गोसावी-बैराग्यांच्या वर्दळीसारखा निरर्थक वाटणारा मजकूरही सोडूं नये.