म्हशी बाहेर, गवत आत

1982च्या नोव्हेंबरात राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव घना उद्यानात चराई बंद झाली. ज्यांची गुरं पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरत आली होती, ते आसपासच्या गावांतले लोक विरोधाला उभे राहिले. पोलिसांनी गोळीबार केला, त्यात काही गावकरी मेले. एका पाणथळ जागेतल्या गवतावरून माणसं मारली गेली, ही गोष्ट पुढच्या सगळ्या शास्त्रीय चर्चेत फार पटकन तळटिपेत गेली.

बंदीमागचा विचार त्या काळाला साजेसाच होता. गुरं गवत ओरबाडतात, पाणी ढवळतात, पक्ष्यांना हुसकावतात. त्यांना बाहेर काढलं की निसर्ग आपला आपण सावरेल. पक्षितज्ज्ञ सालिम अलींचाही बंदीला पाठिंबा होता. शिवाय राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला की 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आत पाळीव जनावर चारताच येत नाही. अभयारण्यात निदान नियंत्रित चराईला वाव असतो, उद्यानात तोही नाही.

पण घना हा काही आपोआप घडलेला निसर्ग नव्हता. मुळातली सखल जमीन. भरतपूरच्या संस्थानिकांनी एकोणिसाव्या शतकात बांध घालून, पाटाने पाणी आणून तिथे तळी केली, तीही बदकांच्या शिकारीसाठी. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी पडले. अशा जेमतेम 29 चौरस किलोमीटरच्या, माणसानेच बेतलेल्या पाणथळीत म्हशी इतकी वर्षं काय करत होत्या, हे मात्र त्यांना काढण्याआधी कुणी नीट विचारलं नाही.

म्हशी पाण्यात उतरून गवत खात होत्या. गाय काठाकाठाने चरते. म्हैस पोटापर्यंत पाण्यात जाते, तिथेच उभी राहून खाते, खुरांनी चिखल तुडवते. घनात पास्पालम डिस्टिकम नावाचं एक बहुवर्षायू गवत आहे. ते धावत्या खोडांनी पसरतं, पेरापेराला मुळं फोडतं, पाणी चढलं तरी वर येऊन दाट थर धरतं. म्हशी गेल्या आणि या गवताला अडवणारं कुणी उरलं नाही. काही वर्षांतच उघडं पाणी आकसलं. जिथे बदकांनी पोहायचं, चांदव्यांनी बुड्या मारायच्या, तिथे हिरवी सतरंजी. गवताखाली उजेड पोचेना, मासे कमी झाले. माशांवर जगणाऱ्या पक्ष्यांची अडचण झाली. चिखलातले कंद उकरून खाणाऱ्या सायबेरियन क्रौंचांनाही त्या जाळीतून चोच घालणं अवघड झालं असणार. अर्थात क्रौंच दिसेनासे झाले त्याचा सगळा दोष गवताच्या माथी मारता येणार नाही. त्यांच्या लांबच्या वाटेवर शिकारी होत्याच. 2002च्या हिवाळ्यानंतर ते घनात आलेले नाहीत.

हे सगळं आपल्याला कळलं ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीमुळे. सोसायटीने 1980 साली तिथे दीर्घ अभ्यास सुरू केला होता, म्हणजे बंदीच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही चित्रं एकाच नोंदवहीत आली. असा योग क्षेत्रअभ्यासात क्वचित येतो. या अभ्यासाचा व्ही. एस. विजयन यांचा 1991चा अहवाल म्हणाला, म्हशींची चराई या गवताला आवर घालत होती, बंदीने पाणथळीचं नुकसान झालं. ज्या संस्थेशी सालिम अलींचं नाव कायमचं जोडलेलं, तिनेच हे लिहिलं. तोवर ते हयात नव्हते; 1987 साली गेले. स्वतःच्या बाजूविरुद्ध जाणारा निष्कर्ष छापणं ही मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत उजवी गोष्ट वाटते.

गंमत म्हणजे भरतपूरहून म्हशी हाकलल्या त्याच्या पुढच्याच वर्षी, 1983 साली, नेदरलँड्समधल्या ओस्टफार्डर्सप्लासेन या पाणथळीत हेक जातीची काटक गुरं मुद्दाम सोडली गेली. त्यांनी चरून जागा मोकळी ठेवावी, विलोच्या झाडांचं रान माजू देऊ नये, हा हेतू. तेही सरळ गेलं नाही. कुंपणाच्या आत गुरं, घोडे, हरणं वाढत गेली आणि 2017-18च्या हिवाळ्यात तीन हजारांहून अधिक जनावरं मेली; बहुतेकांना उपासमारीने मरण्याआधी गोळी घालावी लागली. घनाच्या म्हशींच्या मागे गुराखी होता, संध्याकाळी त्या गोठ्यात परतत होत्या. हा फरक लहान नाही.

अहवाल आला, पण कायदा जिथे होता तिथेच राहिला. म्हशी परत आल्या नाहीत. बुलडोझर लावून गवत काढून पाहिलं, गावकऱ्यांना परवाने देऊन गवत कापून नेऊ दिलं. याने गावांना चारा मिळाला, थोडा राग निवला. पण विळा चालतो तो कोरड्यात, फार तर गुडघाभर पाण्यात. कापलेलं गवत मुळापासून पुन्हा फुटतं, आणि पाणी भरलेलं असताना, गवत जोमात असताना, आत जाऊन रोज चरणारं कुणी नसतं.